म्हातारपणाला जात असते काय?

आपल्या समाजात 'वृद्धाश्रम' हा शब्द अजून शिवीसारखा उच्चारला जातो. अमक्याने आईला वृद्धाश्रमात ठेवले असे कळले की वस्तीत कुजबुज सुरू होते. विहारात वंदनेला बसलेली माणसेसुद्धा मान वळवून त्याच्याकडे बघतात. ज्याने आईबाप सांभाळले नाहीत तो कसला बौद्ध, असे बोलणारेही निघतात. आम्हीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या निडीसारख्या गावात एकदा येऊन घरांची दारे मोजावीत. किती दारांना कुलूप आहे आणि किती दारांत एकटी म्हातारी भिंतीला टेकून बसली आहे ते पाहावे, आणि मग बोलावे.

निडी म्हणजे नागोठणे आणि रोहा यांच्यामधले लहानसे स्टेशन. दिवा-रोहा गाडीने पेण सोडले, कासू गेले, नागोठणे गेले की उतरायची तयारी करायची. पुढे रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. गावाला भातशेती, तीही पावसाच्या भरवशावर. आमच्या समाजाकडे जमीन किती होती हे काही सांगायला नको. वडिलांच्या पिढीने दुसऱ्याच्या बांधावर लावणी-कापणी केली. आमची पिढी धाटावच्या एमआयडीसीत आणि नागोठण्याच्या प्लांटवर कंत्राटदाराच्या हाताखाली लागली. आमची मुले पनवेल, कळवा, दिवा इकडे गेली. दहा बाय बाराची खोली, त्यात चार माणसे. तिथे पाचवी खाट टाकायची कुठे? म्हणून म्हातारी माणसे गावी राहिली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ दहा माणसे साठीच्या पुढची होती. आमच्या वस्तीत दिवाळी आणि मे महिना सोडून कधीही आलात तर शंभरातली निम्मी तशी वाटतील.

आमच्या घरात आत्या होती. लग्नानंतर पाच वर्षांत विधवा झाली, पोटी मूल नाही, माहेरी परत आली. वडिलांनी आपल्या घराला लागून दीड गुंठ्यात तिला खोली बांधून दिली. पुढे ती रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून लागली आणि सत्तावीस वर्षे राबली. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. पेशंटची घाण काढणे, लादी पुसणे, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणे, आंघोळ घालणे. सगळ्या जातींची म्हातारी माणसे तिच्या हाताखालून गेली. ती आम्हाला सांगायची, अंग पुसून घेताना कुणी जात विचारत नाही, पण पुसून झाल्यावर पाण्याचा पेला दुसऱ्या बाईकडून मागणारे पुष्कळ असत. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. आज गाडी उशिरा आली, असे सांगावे तसे सांगायची. सत्तावीस वर्षांत तिचे नाव मस्टरवर चढले नाही. त्यामुळे प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. काम सुटले तेव्हा एक साडी मिळाली.

पासष्टीनंतर तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे सुरू झाले. तेव्हा सहाशे होते. २०१९ साली हजार झाले, २०२३ पासून दीड हजार. तेवढ्यात तिचे मीठ-मिरची आणि औषध भागे. मग एका पावसाळ्यात ती पडवीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. अलिबागच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन झाले. वॉकर धरून चालू लागली, पण रात्री उठताना आधार लागे. आमच्या दोन सुना कंपनीत पॅकिंगला पाळीवर जातात. तीन महिने पाळ्या लावून आम्ही निभावले. एकाने रजा घेतली, दुसऱ्याचे खाडे पडले. आत्या हे सगळे बघत होती. एके दिवशी तीच म्हणाली, "बाबू, अशी जागा बघा जिथं रात्री हाक मारली तर कुणीतरी ऐकंल."

आम्ही गप्प झालो. तिने मात्र सत्तावीस वर्षे रात्रीच्या हाका ऐकल्या होत्या. आपण काय मागतो आहोत हे आमच्यापेक्षा तिला जास्त कळत होते. तिला कुणी टाकून दिले नव्हते, ती स्वतः जागा मागत होती. पण वस्तीत हा फरक समजावून सांगताना आमच्या तोंडाला फेस आला.

मग शोध सुरू झाला. आम्हाला वाटत होते की सरकारी काहीतरी असेलच. चौकशी केली तेव्हा कळले की कागदावर पुष्कळ आहे. स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची राज्याची योजना १९६३ पासूनची आहे. त्यात पुरुषांना वयाची अट साठ वर्षांची आणि बायकांना पंचावन्नची. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना निघाली. शंभर माणसांचे एक घर, निम्म्या जागा गरिबांना फुकट आणि निम्म्या महिना पाचशे रुपये भरणाऱ्यांना, अशी तिची आखणी होती. २००७ साली केंद्राने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्याच्या १९ व्या कलमात राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक घर उभारण्याची गोष्ट आहे. मात्र शब्द 'उभारू शकेल' असा आहे, 'उभारलेच पाहिजे' असा नाही. कायद्यात एका क्रियापदाने केवढा फरक पडतो पाहा!

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या घरांनी जरूर समजून घ्यावी. मूल नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्याला मिळणार आहे, त्या नातेवाइकाची ऐपत असेल तर त्या वृद्धाला पोसण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर येते. म्हणजे आत्याच्या त्या दीड गुंठ्याबरोबर आत्याही आमचीच. त्याबद्दल आमच्यात वाद नव्हता. पैसा थोडाफार जमवता आला असता. जे जमत नव्हते ते रात्रीचे माणूस.

पहिल्या संस्थेचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, तालुकाही सांगत नाही. इमारत चांगली होती. पुढे बाग, आत देवघर, भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. विश्वस्त गृहस्थ नम्र होते, त्यांनी चहा मागवला. नाव विचारले, आडनाव विचारले. आमचे आडनाव इतर समाजांतही सापडते, त्यामुळे त्यावरून काही उलगडा झाला नाही. मग गाव विचारले. मग गावात कुठे राहता ते विचारले. तेवढ्यानेही भागले नाही तेव्हा त्यांनी आत्याकडे वळून विचारले, "आजी, तुमचं कुलदैवत कोणतं? रोजच्या पूजेच्या यादीत लिहून घेतो." आत्या म्हणाली, "आम्ही बुद्धाला मानतो. फोटो लावायला एक खिळा मिळाला तर बरं होईल."

त्यानंतर बोलण्याचा सूर कुठेही चढला नाही. अपशब्द नाही, नकार नाही. फक्त अडचणी निघू लागल्या. खालच्या मजल्यावर जागा नाही आणि वरचा जिना आजींना झेपणार नाही. अनामत एवढी-एवढी लागेल. दोन जामीनदार लागतील, शक्यतो सरकारी नोकरीतले. शेवटी ते फार मायेने म्हणाले, "सगळं करू हो, पण त्यांना इथं करमेल का? आपल्या माणसांत राहिलेलं बरं असतं." आम्ही उठलो. दारापर्यंत सोडायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्याकडच्या दोन-तीन बायका कामाला मिळतील का? रात्रपाळीला कोणी टिकत नाही."

आत्या वॉकर टेकत पुढे गेली होती. तिने ते ऐकले की नाही, आम्ही विचारले नाही.

आम्हाला पुष्कळांनी सांगितले की हा तुमच्या मनाचा खेळ आहे, त्या गृहस्थांच्या मनात तसे काही नसेल. नसेलही. माणसाच्या मनात शिरून पाहायचे यंत्र आमच्याकडे नाही. पण त्या संस्थेत राहणाऱ्यांची आडनावे दारातल्या फळ्यावर लिहिली होती. ती आम्ही वाचली. कार्यकारिणीची नावे दुसऱ्या फळ्यावर होती, तीही वाचली. अंथरुणे काढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांची नावे कुठल्याही फळ्यावर नव्हती. त्या आम्हाला मागच्या दारी भेटल्या. दोघी आपल्याच समाजाच्या आणि एक कातकरीण. "जयभीम दादा, म्हातारीला आणलंत काय?" एकीने विचारले. "घेतील?"

त्या बाईला काही समजावून सांगावे लागले नाही.

कायदा काय म्हणतो? १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात किंवा वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे, आणि प्रवेश दिल्यानंतर आत भेदभाव करणे हाही गुन्हा आहे. सर्व जनतेसाठी स्थापन झालेल्या धर्मादाय ट्रस्टचा लाभ नाकारणेही त्यात येते. वृद्धाश्रम हा शब्द त्यात नाही, पण आशय उघड आहे. त्याचे १२ वे कलम असे की असे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्याच कारणावरून घडले असे न्यायालय धरून चालेल, तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. कायदा असा भक्कम आहे. परंतु 'त्यांना इथं करमेल का?' हा प्रश्न कोणत्या कलमाखाली घालायचा? पोलीस स्टेशनात जाऊन फिर्याद काय लिहायची, की साहेब, त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि काळजी केली?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवावी. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले. पण पाणी कुणी प्यायले? ते प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना स्वतः पायऱ्या उतराव्या लागल्या. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले, कोर्टात दावा लावला, आणि उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल लागेपर्यंत १९३७ साल आले. महाड आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. ठराव आणि पाणी यांच्यातले अंतर किती असते हे या मातीला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. आज पुष्कळ संस्थांच्या नियमावलीत पहिलीच ओळ असते, 'जात, धर्म, पंथ असा भेद न करता प्रवेश दिला जाईल.' तो ठराव झाला. आम्ही पाण्याबद्दल विचारतो आहोत.

जेवणाचेही सांगितले पाहिजे. बहुतेक ठिकाणी पूर्ण शाकाहार असतो. आम्ही त्याला सरसकट जातिवाद म्हणणार नाही. पन्नास माणसांचा स्वयंपाक, म्हाताऱ्यांची पचनशक्ती, मासळीचा भाव, एकच चूल, या खऱ्या अडचणी आहेत. शिवाय देणगीदार असतात. कुणाच्या आईची पुण्यतिथी, कुणाच्या मुलाचा वाढदिवस, त्या दिवशीचे जेवण त्याच्या नावाने. जो पैसे देतो तो ताटात काय असावे हेही ठरवतो. एखाद्या समाजाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या माणसांसाठी शाकाहारी घर चालवले तर त्यात आम्ही बोलणारे कोण? परंतु संस्था सर्वांसाठी म्हणून नोंदलेली, सरकारी अनुदान घेणारी, आणि तिथे जन्मभर सुकट-भाकरी खाल्लेल्या बाईला मरेपर्यंत ते मिळणार नाही, वर 'असलं काही खायची सवय असेल तर' असे तोंड वाकडे करून सांगायचे, हे आम्हाला पटत नाही. नियम एक वेळ समजता येतो, वाकडे तोंड समजता येत नाही. आणि नेमके म्हाताऱ्या माणसाला ताटातल्या घासावरूनच कळते की हे घर आपले आहे की दुसऱ्याचे.

दुसरी जागा मिळायला आणखी चार महिने गेले. तीही एका स्वयंसेवी संस्थेचीच. इमारत पहिल्यापेक्षा साधी, काही खोल्यांवर पत्रे. तिथल्या व्यवस्थापिका बाईंनी आमच्याकडे फारसे पाहिलेच नाही. त्या आत्याशी बोलत होत्या. "मावशी, रात्री किती वेळा उठता? उशाला दिवा लागतो का? कोणत्या कुशीवर झोपता? काय खाल्लं की पोट बिघडतं?" आत्या जन्मभर दुसऱ्यांना हे प्रश्न विचारत आली होती, तिला ते विचारणारी ही पहिली बाई. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'निधनानंतर कोणत्या पद्धतीने विधी करावा, कोणाला बोलवावे.' आत्याने लगेच सांगितले, "बौद्धाचार्यांना बोलवा. त्रिसरण-पंचशील म्हणा. बाकी काही नको. तेरावं घालू नका." बाईंनी ते जसेच्या तसे लिहून घेतले आणि वाचून दाखवले. एवढ्याशा रकान्याने केवढा धीर येतो हे सांगता येत नाही. आपल्या कितीतरी माणसांनी १९५६ नंतर घरातले देव काढले, पण अनोळखी ठिकाणी मरण आले तर कुणीतरी तोंडात गंगाजल घालील ही भीती त्यांच्या मनात असते.

सुकटीचा डबा खोलीत ठेवायला मनाई झाली, कारण मुंग्या येतात. पण रविवारी मागच्या अंगणात चुलीवर स्वयंपाकीण ती भाजून देते. तिथे एक मुसलमान चाचा आहेत, त्यांच्यासाठी रमझानमध्ये पहाटेचे जेवण काढून ठेवतात. एक कातकरी म्हातारा आहे, त्याच्याकडे आधार कार्ड नाही, जन्माचा दाखला नाही, वय त्यालाच ठाऊक नाही. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी कागद नाहीत म्हणून तो दारातूनच परत गेला असता. येथे त्याला आधी आत घेतले आणि कागदांची खटपट नंतर चालू ठेवली. आम्हाला वाटते, समानतेची परीक्षा घ्यायची असेल तर त्या म्हाताऱ्यावर घ्यावी. सर्वांना सारखेच नियम लावले की समानता झाली, असे म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडून जन्माचा दाखला आणून दाखवावा.

म्हणजे तिथे सगळे गोड आहे असे नव्हे. आत्याच्या शेजारच्या खाटेवर एक वयस्कर बाई होत्या, चांगल्या घरातल्या. आठ दिवसांनी त्यांनी खाट बदलून मागितली. व्यवस्थापिका म्हणाल्या, "बदलून देते की. फक्त अर्जात कारण लिहा." दोन दिवस त्या कारण शोधत राहिल्या. पंखा म्हणावा तर पंखा दोघींच्या मध्ये, खिडकी म्हणावी तर ती त्यांच्याच बाजूला. अर्ज आला नाही, खाट तिथेच राहिली. आम्ही पुढच्या वेळी गेलो तेव्हा आत्या हसत सांगत होती. पुढे दोघींचे मेतकूट जमले असे वाचकांना वाटेल, तर तसे काही झालेले नाही. त्या बाई अजून आत्याच्या हातचे पाणी घेत नाहीत. मात्र रात्री त्यांना खोकल्याची उबळ आली की आत्या उठून बसते आणि काठी आपटून आयाला बोलावते. सत्तावीस वर्षांची सवय, ती काही जात नाही. त्यावर आम्ही चिडतो. आत्या म्हणते, "खोकला कुणाचा का असंना, झोप माझीच मोडते ना!"

त्या घरात काम करणाऱ्या आयांची नावे मात्र फळ्यावर आहेत. पगार फार नाहीत, पण मस्टर आहे आणि आठवड्याची सुट्टी आहे. आणि कार्यकारिणीत एक निवृत्त आया आहे. आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटली. महिन्याच्या सभेत डॉक्टर बसतात, वकील बसतात, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जिने हजार म्हाताऱ्यांना आंघोळ घातली ती बाई बसते. न्हाणीघरातली लादी निसरडी आहे हे वकिलाला कसे कळणार? जिथे आपल्या बायका फक्त मागच्या दाराने आत येतात तिथे आपली म्हातारी पुढच्या दाराने आत कशी जाईल? ही दोन दारे एकाच घराची आहेत. संस्था कुणाला घेते एवढे बघून भागत नाही, कुणाला कामाला ठेवते, काय पगार देते आणि सभेत कुणाला बसवते हेही बघावे लागते.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात राजाच्या धम्मयात्रेचे वर्णन आहे. पूर्वीचे राजे शिकारीला जात, अशोक वृद्धांना भेटायला जाई आणि त्यांच्यासाठी द्रव्याची तरतूद करी. त्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्या सोपाऱ्याला सापडला, तो आता मुंबईच्या संग्रहालयात आहे. आणि विनयपिटकातली आजारी भिक्खूची कथा तर आपल्या विहारांत नेहमी सांगितली जाते. अतिसाराने घाणीत पडलेल्या त्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले. पण त्या कथेतली एक गोष्ट सांगायची राहून जाते. इतर भिक्खू त्याच्याकडे का फिरकले नव्हते? तर त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता म्हणून. भगवंतांनी खडसावले ते या उत्तरावर.

हे आपल्यालाही लागू आहे. उद्या आपल्या समाजाने घर काढले तर ते कुणासाठी असेल? मंडळाच्या वर्गणीदारांसाठीच? त्यात कातकरी म्हातारा येईल का? कुष्ठरोगातून बरी झालेली, बोटे झडलेली बाई पंगतीला बसेल का? एखादी वयस्कर तृतीयपंथी आली तर तिला बायकांच्या खोलीत खाट द्यायची की पुरुषांच्या, यावर आपण तिलाच विचारू की सभा भरवू? नाक मुरडणाऱ्या त्या शेजारच्या खाटेवरच्या बाई उद्या निराधार झाल्या तर त्यांनाही आत घेऊ का? आमच्या घरात यावर दोन रात्री वाद झाला. थोरल्या वहिनी म्हणाल्या, घ्यायचे, पण अर्जात कारण लिहून घ्यायचे!

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. जागा बघायला जाताना वेळ ठरवून जाऊ नये, जेवणाच्या वेळी जावे आणि पंगत कशी बसते ते पाहावे. रात्री किती माणसे ड्युटीला असतात हे ऑफिसात न विचारता मागच्या दारी विचारावे. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि अनुदान मिळते की नाही हे विचारायला लाजू नये, तो आपला हक्क आहे. अनुदानित घरांची माहिती अलिबागला समाजकल्याणच्या कार्यालयात मिळते. वृद्धांसाठी १४५६७ हा फुकटचा फोन नंबर २०२१ पासून देशभर चालू आहे, तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. श्रावणबाळचे पैसे चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हातारे माणूस दुसऱ्या तालुक्यात गेले की तो राहून जातो आणि पैसे बंद पडतात. आणि बोलणी चालू असताना प्रश्न त्या म्हाताऱ्या माणसाला विचारले जातात की आपल्याला, याकडे लक्ष ठेवावे. आम्ही तरी आता जागा यावरूनच ओळखतो.

आत्याला तिथे जाऊन दीड वर्ष होत आले. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्यापैकी कुणीतरी जातो. १४ एप्रिलला तिथल्या हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला गेला, खीर झाली, आणि चाचांनी भीमगीत म्हटले, ते त्यांना मुंबईच्या गिरणीतल्या दिवसांपासून पाठ होते.

आता गावाकडे आमच्या मंडळात चर्चा निघाली आहे. विहाराच्या वरचा मजला बांधायला वर्गणी जमली आहे. मुंबई मंडळाचे म्हणणे, वर मोठा हॉल व्हावा, लग्नाला उपयोगी पडेल. आम्ही काही जणांनी लेखी मागणी दिली आहे की आधी खालीच दोन खोल्या काढाव्यात, न्हाणीघराला कठडा आणि उताराची वाट करावी, आणि रात्रीला एक बाई पगारी ठेवावी, मस्टरवर सही घेऊन. वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांनी निदान रात्री तिथे झोपायला यावे, मग ते कोणत्याही वाडीतले असोत. 'कोणत्याही वाडीतले' या शब्दांवर दोघांनी हरकत घेतली आहे. सभा वैशाख पौर्णिमेनंतरच्या रविवारी विहारात आहे. हॉलचा विषय पहिला ठेवला आहे, खोल्यांचा चौथा.